गोधडी दिली कुणी?

रिहे,
९ फेब्रुवारी २०२५

धम्मादादा,
सप्रेम जयभीम.

वहिनीचा खोकला थांबला का? नाशकात थंडी असेल. आई आणि मी, दोघी बऱ्या आहोत. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, रविवारीसुद्धा! म्हणून म्हटलं, पत्रच टाकावं.

गॅलरीतली नोकरी चांगली चाललीय. शनिवार-रविवार पुण्याकडून गाड्या भरून लोक येतात, मी त्यांना प्रदर्शन फिरवून दाखवते. सध्या कौस्तुभ नावाच्या कलाकाराचं मांडलंय. चित्रं नाहीतच, नुसत्या जुन्या गोधड्या, जमिनीवर अंथरलेल्या. आपल्या मुळशीतल्याच घराघरांतून गोळा केल्यात. मी म्हणायचं, "चपला काढा, निवांत पडा, ही पांघरणाऱ्याचा विचार करा." लोक पडतात, फोटो काढतात. पहिल्या दिवशी मला हसूच आवरेना.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची गोधडी नीट पाहिली आणि लोकांना सोडून तिच्यापाशी खालीच बसले. बाबांचा वॉचमनचा खाकी शर्ट, शेजारी माझ्या शाळेच्या फ्रॉकचा तुकडा, कडेला आईचा वाकडा टाका. गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा आईनं एवढी एकच वस्तू मागितली होती. तू म्हणालास, मयताचं अंथरूण ठेवत नाहीत, नदीवर जाळून आलो. मग जळालेली गोधडी इथं कशी आली रे?

कौस्तुभला विचारलं. देणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, असं ठरलंय म्हणे. माझं आडनाव ऐकून मात्र तो चपापला आणि एकदम चहाच मागवला. आजवर पाणी विचारलं नव्हतं मेल्यानं.

काल आई आली. लेक लोकांना काय सांगते ते ऐकायचं होतं तिला. पांढरी साडी नेसून, हौसेनं. मी तिला खिडकीपासून लांब ठेवत होते, तरी ती नेमकी तिथंच जाऊन बसली. टाक्यावरून बोट फिरवत राहिली.

"आक्शी ह्यांच्यावानी हाय गं," म्हणाली.

"आई, नीट बघ की."

"न्हाई, न्हाई. ह्यांची जळली. धम्मा कशाला खोटं बोलंल?"

तेवढ्यात एक बाई आडवी व्हायला आली, तर आई उठली आणि तिला जागा करून दिली. दादा, मला रडू आलं आणि तुझा इतका संताप आला की काय सांगू.

महिनाअखेर हे सगळं दिल्लीला जाणार. कौस्तुभ म्हणतो, परत हवी असेल तर ज्यानं दिली त्यानंच येऊन मागायची. मी मागून उपयोग नाही. आईला मी काही बोललेले नाही. का दिलीस, काय मिळालं, तेही विचारत नाही.

माझा संशय खोटा असेल तर फोन कर आणि हव्या तेवढ्या शिव्या घाल, ऐकून घेईन. खरा असेल तर शनिवारी ये. गोधडी मागून घे आणि आईच्या हातात तूच दे. मी दिली तर ती घ्यायची नाही. तिच्या लेखी अजून तुझंच खरं आहे.

वाट बघतेय, पण आईसारखा डोळे मिटून विश्वास ठेवून नव्हे.

तुझीच,
गौतमी