वैष्णवीची बारीक दोरी

अमरावती, शनिवार संध्याकाळ

आजही सरावात वलगावच्या वैष्णवीचे बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात, अन् माझे खाली. आमची बांबूची धनुष्यं एकाच कारागिरानं केलेली, ताणही सारखा. मग फरक दोरीचाच ना? तिची दोरी बारीक, बाण सुटताना आवाजही करत नाही. मी तुटायच्या भीतीनं जास्तीचे धागे घालून वळते. दोरी जड होते, बाणाचा वेग दोरीच खाते. माहीत असूनही घालते.

किती जळावं माणसानं एका दोरीवर? शेवटी विचारलंच, "कुठून आणली वं? अकोल्यावरून?"

"अकोल्यावरून कायले? तूनंच त वळून फेकली होती, लय बारीक झाली म्हणून. मी उचलली."

माझ्याच हातची दोरी. मला हसूही येईना. महिनाभर ती त्याच दोरीनं खेळतेय, अन् दोरी तुटली नाही.

घरी येऊन तशीच बारीक वळायला बसले. वळून झाल्यावर धागे मोजले. हातानं जास्तीचे घातलेच होते. तिला भीती कशी वाटत नाही?