वेणी घालता आली की

५ जाने., सोम.
प्लास्टर निघालं. मनगट लाकडासारखं. फिजिओच्या आयेशा मॅडम म्हणाल्या, "मावशी, रोज चार ओळी ह्याच हाताने लिहा. तोही व्यायामच." म्हणून ही वही. अक्षर कोंबडीच्या पायाचं. दुखतंय. पुरे.

७ जाने., बुध.
कोमट पाण्यात हात, मग मूठ वळायची, उघडायची. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. करंगळीपाशी पोचतच नाही मेला. मॅडमनी विचारलं, काय जमलं की बरं वाटेल? म्हटलं, माझी वेणी मला घालता आली की मी बरी. मग चाकणला कंपनीत कामावर. तिथे लाइनवर दिवसभर वायरीच गुंफायच्या असतात.

९ जाने., शुक्र.
कंपनीच्या बसमधून उतरताना पडले, तेव्हापासून वेणी हेच घालतात. थेरगावात ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, जन्म तांब्याच्या तारेत गेला. केसही तसेच ओढतात, डोळे ताणले जातात माझे. टोकाला रबर नाही, वाइंडिंग बांधायची पांढरी सुती पट्टी. वर त्यांची दुकानातली गाठ. "सुटणार नाही," म्हणाले. सुटत नाहीच. रात्री सोडायलाही तेच लागतात.

१३ जाने., मंगळ.
घोटाळा केला. मॅडमनी सांगितलेलं थोडं थोडं करा. मला लाइनवरची सवय, म्हटलं दुप्पट करू, लवकर सुटेल. दिवसभर स्पंज दाबला, लाटणं धरून मनगट फिरवलं. संध्याकाळी हात टम्म. मॅडम फोनवर रागावल्या, "मावशी, हाताला ओव्हरटाइम नसतो." हे बाजूला बसून हसत होते. मला राग आला, दोघांचाही.

१८ जाने., रवि.
सूज उतरली.
एक लक्षात आलं. समोरासमोर बसले की ह्यांचं मीठ दे, पाणी दे, एवढंच. वेणी घालायला मागे बसले की तोंड सुटतं. आज सासूबाईंचं सांगत होते. शेवटी त्यांची बोटं वाकडी झाली होती, कंगवा धरता येत नव्हता. "मी होतो घरात. पण आईचे केस विंचरायची लाज वाटली." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर थांबले असते.

२७ जाने., मंगळ.
अंगठा करंगळीला टेकला. स्वयंपाकघरात एकटीच नाचले, थोडीशी.
नवा व्यायाम: पाची बोटांभोवती हिरवं रबर अडकवून बोटं फाकवायची. शिवाय नमस्कार करून जोडलेले तळवे हळूहळू खाली. ताण बसतो, पण बरं वाटतं. कणीक आता मी मळते, चपात्या हे लाटतात. नुसते नकाशे. खाते गुपचूप.

४ फेब्रु., बुध.
हे दुकानात गेल्यावर कात्रीने पट्टी कापली, वेणी सोडली. हात मागे नेला. गेला. तीन पेड, मानेपासून टोकापर्यंत. घालता आली. टोकाला व्यायामाचं रबर लावलं, आरशात बघत बसले. रडू आलं.
मग हे यायच्या आधी सोडून टाकली. म्हटलं, न्हायचं होतं म्हणून पट्टी कापली. असं का केलं ते मला चांगलं माहीत आहे. सांगितलं तर उद्यापासून माझ्या मागे कोण बसणार? मला ते आवडतं. झालं, लिहिलं.

६ फेब्रु., शुक्र.
मॅडमनी विचारलं, वेणी? त्यांच्याशी खोटं बोलवेना. "जमली," म्हटलं. सोमवारपासून कामावर जा म्हणाल्या. घरी कामाचं तेवढं सांगितलं. हे विचारात पडले. "पहिली शिफ्ट म्हणजे बस पहाटेच. मग वेणीचं कसं, मंदा?" मी भाजी ढवळत राहिले.

८ फेब्रु., रवि.
सकाळी पाठ करून बसले. ह्यांनी खिशातून हिरवं रबर काढलं. मोरीच्या फळीवर सापडलं म्हणे. त्यात माझा एक लांब केस, चांगले दोन-तीन वेढे पडलेला. तारेवरचा ओरखडाही ह्यांच्या नजरेतून सुटत नाही, हा केस काय सुटणार.
ह्यांनी रबर माझ्या बोटांवर चढवलं. "व्यायाम चालू ठेव," म्हणाले. पट्टी दातात धरली, केस हातात घेतले. "मान सरळ."
मी मान सरळ केली.
आत्ता डबा काढून ठेवला. ह्यांनी आपल्या मोबाइलवर पहाटेचा गजर लावलाय. दुकान दहाला उघडतं. उशाशी कंगवा, आणि शेजारी पांढऱ्या पट्टीचं नवं रीळ. अख्खं.