ड्रायव्हरच्या बाजूचं दार

आण्णा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी मी तुमची अँबॅसिडर पुन्हा उभी केली. हसू नका. खरी नाही, प्लॅस्टिकची, वीतभरसुद्धा लांब नसलेली. हल्ली अशा जुन्या गाड्यांचे सुटे भाग डब्यात भरून विकतात आणि मोठी माणसं घरी बसून ते चिकटवतात. ज्या इंग्लिश मोटारीवरून आपली अँबॅसिडर निघाली, तिचा डबा मला मिळाला, म्हणजे अँबॅसिडरच्या थोरल्या बहिणीचाच म्हणा ना. आमच्या नागापूरच्या कारखान्यात मी दिवसभर प्लॅस्टिकचे भाग तपासते, त्यामुळे डबा उघडल्याबरोबर आधी सवयीने कडाच पाहिल्या, कुठे जास्तीचं प्लॅस्टिक आलंय का, कुठे खड्डा पडलाय का. माल चांगला होता. चाकं, बंपर, सीटा, आरसे, सगळं प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेलं. मी नेलकटरने एकेक भाग तोडायला बसले आणि आई समोर बसून बघायला लागली.

आई माझ्याकडे का, ते आधी सांगते. शिंगणापूरच्या घरात, शनिदेवाच्या भरवशावर दाराविना ठेवलेल्या, ती एकटीच राहते. श्रावणात एक मोकाट कुत्रं थेट चुलीपर्यंत आलं, त्याला हाकलायला ती उठली आणि उंबऱ्यात पडली. डावं मनगट मोडलं. मी तिला नगरला माझ्या फ्लॅटवर आणलं आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी म्हणाले, घराला दार बसवू या. गावात आता बऱ्याच घरांना दारं लागलीत, कोणाचं काही वाईट झालं नाही. ती म्हणाली, "ज्याला लावायचं त्यानं लावावं. माझ्या घराला न्हाई." मग इथेच राहा म्हटलं. "हितं? ह्या डब्यात?" एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मला तिचा भयंकर राग आला. म्हातारपणी माणसं मुद्दाम त्रास देतात असंसुद्धा मनात आलं. मी गावच्या सुताराला फोन केला आणि तिचं प्लास्टर निघायच्या आत चौकट आणि दार तयार ठेवायला सांगितलं. तिला यातलं काही कळू दिलं नाही. गाडीचा डबा मागवला तोही त्याच भानगडीत. टेबलावर काहीतरी असलं की दाराचा विषय निघणार नाही, इतका साधा हिशोब होता माझा.

पण गाडी म्हटली की तुम्ही आलात, आणि तुम्ही म्हटलं की दार आलंच. तुम्ही ती जुनी गाडी घेऊन आलात, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. शनिवारी आणि अमावस्येला भाविकांच्या खेपा मारायच्या म्हणून घेतली होती, पण पहिली खेप आपली, मामाच्या गावाला. आई नव्या लुगड्यात मागे बसली, आम्ही भावंडं तिच्या अंगावर. घोडेगावच्या वळणाला आईच्या बाजूचं दार सताड उघडलं आणि भाकरीचं गाठोडं रस्त्यावर. आई पडायची वाचली ती केवळ आम्ही तिच्यावर बसलो होतो म्हणून. तुम्ही गाडी थांबवून ओरडलात, "दार लावलं न्हाई का नीट?" आणि आई शांतपणे म्हणाली, "लावायचं कवा शिकलो आमी?" खरंच होतं. ज्या घरात दारच नाही तिथल्या माणसांना दार ओढून घेतल्यावर आणखी एक दाब द्यावा लागतो, हे कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडी अंगणात लावून आम्हा सगळ्यांची शिकवणीच घेतलीत. बसा, लावा, उघडा, उतरा. मी जोरात आदळलं तर म्हणालात, "ते दार हाय, उखळ न्हाई." दर्शनाला आलेले चार परगावचे लोक आपल्या कुंपणाशी थांबून ही मजा बघत होते. गाडी होती तोवर आई दोन्ही हातांनीच दार लावायची.

दार लावायला तुम्ही शिकवलंत, पण कुलूप लावायला स्वतः कधी शिकला नाहीत. किल्ली गाडीलाच लटकलेली असायची. पुण्याला भाविक सोडायला गेलात आणि तिथेही गाडी तशीच उघडी टाकून चहाला गेलात. परत येता तर टेप गायब. घरी येऊन तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत, "चोर सोता शनिवारच्या आत आनून देतो का न्हाई बघा." शनिवार आला, गेला. पुढचाही गेला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "देवाची हद्द पुन्यापत्तुर न्हाई." तुम्ही इतके चिडलात की जेवलाच नाहीत, पण कुलूप तरी कुठे लावलंत?

हे सगळं आम्ही टेबलाशी बसून बोलत होतो, आण्णा. किती दिवसांनी आई माझ्याशी बोलत होती. मी रंग कालवला तर म्हणाली, "ह्यो लई पांढरा. दवाखान्याची गाडी हुती का आपली?" पिवळ्याचा थेंब टाकला, आणखी एक टाकला, तेव्हा कुठे तिने मान हलवली. मागच्या काचेला पडदा होता म्हणून तिने स्वतःच्या जुन्या पोलक्याचा तुकडा कापायला लावला. सीटा बसल्या, स्टिअरिंग बसलं, वरचा सांगाडा चिकटवायच्या आधी मी तो नुसता ठेवून तिला दाखवला. तिने गाडी उजव्या हातात घेतली, फिरवून बघितली आणि नखाने दाराची रेघ खरवडली. "उघडत न्हाईत?"

"नाही गं. नुसत्या रेघा आहेत. ही गाडी बघायची असते."

"मंग ते बसायचे कुठून?"

मी हसायला गेले, पण तिचा चेहरा पाहून थांबले. ती गंमत करत नव्हती. मी पुढच्या रविवारी पातं उलट्या बाजूने त्या रेघेवरून ओढत बसले. हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. घाई केली की पातं घसरतं आणि सगळी बाजू खराब होते. रंग दिलेल्या गाडीवर असला उद्योग कोणी करत नाही, कारखान्यात कोणी केला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. ड्रायव्हरच्या बाजूचं तेवढं एक दार मोकळं झालं. पितळी तार वाकवून बिजागरी केली. दार उघडायला लागलं, पण लावल्यावर पुरतं बसेना, केसभर फट राहायचीच. मी घासायला पॉलिश पेपर उचलला तर आईने माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. दार नव्हतं म्हनून त्येंचं नीट झालं."

मी विचारलं, काय नीट झालं?

आणि मग तिने तुमचा शेवटचा दिवस सांगितला. ती सोनईच्या बाजाराला गेली होती, शेजारच्या काकू तुमच्याजवळ होत्या, एवढंच मला माहीत होतं. काकू तिथे कशा, हे मी कधी विचारलं नव्हतं. आई गाडीचं ते दार बोटाने उघडत, लावत बोलत होती. "ती पान्याला चाललेली. रस्त्यावरनं तिला त्येंचे पाय दिसले, वाकडे पडलेले. हंडा टाकून आत आली. डोकं मांडीवर घेतलं, पानी पाजलं. त्येंनी तिला वळखलं बी. दार असतं तर काय केलं असतं तिनं? कडी वाजिवली असती. झोपलं असतील म्हनली असती, आन् गेली असती म्होरं." तिने ते दार अलगद लावलं. मग म्हणाली, "मलाबी कुनीतरी बघंल असं असू दे, बाई."

मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले. कोणीतरी डोकं मांडीवर घ्यावं एवढीच तिची मागणी होती आणि मी तिच्या पाठीमागे तिच्या घराला सागवानी दार करत होते. दुपारी गच्चीवर जाऊन सुताराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, फळ्या कापून झाल्यात. आता त्येंचं काय करू?" मी म्हणाले, कुत्रं येणार नाही एवढी, कमरेइतकीच आड लावायची फळी कर. बाहेरून जाणाऱ्याला आतलं सगळं दिसलं पाहिजे. तो म्हणाला, "व्हय, व्हय. आमच्या म्हातारीला बी तशीच केलीया."

प्लास्टर निघालं आणि मी आईला गावी सोडून आले. फळी तिने चारही बाजूंनी तपासली, वरून हात बाहेर काढून पाहिला आणि म्हणाली, "कुत्र्यापुरती बास." गाडी तिने देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय. गावातल्या बाया बघायला येतात आणि ती प्रत्येकीला सांगते की लेकीनं केली, पण दार मी उघडायला लावलं.

हे सगळं कुठे पाठवायचं नाहीच आहे, लिहून झालं की पिठाच्या डब्याखाली सरकवीन. पण एक तुम्हाला सांगून टाकते. तुमचे जावई नोकरीसाठी सुरतेला असतात, मुलगा बंगळुरूला, आणि सुट्टीच्या दिवशी मी या घरात एकटी असते. आई गावी परत गेल्यापासून दुपारी मी फ्लॅटचं दार उघडं ठेवून पुढच्याच खोलीत पडते. जिन्यातून येणारेजाणारे डोकावतात. समोरच्या बाईंनी परवा विचारलं, तर वारा येतो म्हणून सांगितलं. आमच्या मजल्यावर वारा येत नाही, आण्णा. मला एकटीनं मरायची भीती वाटते.