सरांचं पुस्तक कुणालाच कठीण नाही

८ जानेवारी १९९६, सोम.
कुलकर्णी सरांचं पुस्तक अडलंय. अस्थानांनी स्वतः फोन करून सांगितलं, म्हणजे ऐकीव नाही, प्रकाशकाच्याच तोंडून. दोन कोचिंगवाल्यांनी नमुन्याचे धडे परत पाठवले. "भाईसाहब, कहते हैं बच्चे भाग जाएँगे." इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तीन पुस्तकं, त्यातलं हे तिसरं, सगळ्यात वरच्या पातळीचं. पहिली दोन दुसऱ्या कुणाची, ती बरी चाललीयत. आता माझं एका पानाचं मत हवं: कठीण आहे की नाही. "आप अख़बारवाले हैं, रोज़ अंग्रेज़ी काटते-छाँटते हैं. आप जो कहेंगे, वही होगा."
शुक्रवारपर्यंत. हो म्हणून टाकलं. मुदत ऐकली की तोंडातून हो जातं, तीस वर्षांची सवय.

सरांना अजून कळवलेलं नाही. घरच्या वडीलधाऱ्यासारखे, इथेच लखनौत आलमबागेत एकटे राहतात. काचबिंदूने डावा डोळा गेला, उजव्याबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत. दिवाळीत म्हणाले होते, "उन्हाळ्याआधी येऊ दे रे विनायक, म्हणजे माझं मलाच वाचता येईल." कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून हे एकच काम धरून बसलेत.

९ जाने., मंगळ.
धुकं. गोमती एक्सप्रेसचा पत्ता नाही, दिल्लीहून येणारं बातम्यांचं पाकीट उशिरा, म्हणून डेस्कवर दुपारी वेळ मिळाला. सहा धडे वाचले. आमची डेस्कची रीत: वाचताना डोळा मागच्या ओळीकडे वळला की समासात पेन्सिलीचा ठिपका. एका वाक्याला दोन ठिपके पडले की वाक्य मोडायचं. सरांच्या सहा धड्यांत ठिपके पाच-सात, तेही माझ्या चष्म्यामुळे असतील.
इंग्रजी फार सुंदर आहे. सगळे उतारे सरांनी स्वतः लिहिलेले. चौथा धडा तर... एक माणूस नावेतून गावी परततो. नावाडी बोलत नाही, घाटावर बायका उठून उभ्या राहतात, घरात चूल पेटलेली नाही. कोण गेलं हे शेवटपर्यंत लिहिलेलं नाही. कळतं मात्र.
पण मी मोजमाप नव्हे. या भाषेवर पोट भरणाऱ्याला ती कठीण वाटेल कशी? बायको, मालती, घरी इंग्रजीचा क्लास घेते; तिच्या विद्यार्थ्यांना देऊन बघायला हवं.

१० जाने., बुध.
पुढच्या खोलीत मा.चा संध्याकाळचा क्लास. नोकरी करून येणारी मोठी माणसं, वरच्या पातळीचीच. मी सुट्टी टाकून बसलो. धडा वाटण्याआधी दोन शब्द बोललो. ये हमारे बुज़ुर्ग हैं, उस्ताद समझिए, उम्र भर की मेहनत है. आमच्या निशातगंजमध्ये कुणाचंही काम पुढे ठेवताना असंच बोलतात, मीही बोललो.
सगळ्यांनी मान खाली घालून वाचलं. मग विचारलं, मुश्किल तो नहीं लगा?
सिद्दीकी साहब, विमा ऑफिसातले, प्रमोशनच्या इंटरव्ह्यूसाठी येतात: "मुश्किल? हुज़ूर, क्या रवाँ ज़बान है. जैसे पानी बह रहा हो." बाकीच्यांनी "जी, बिल्कुल" केलं. शोभानेही मान हलवली. ती साताऱ्याकडची, नवरा एअरफोर्समध्ये, बक्शी का तालाबहून दोन टेम्पो बदलून येते.
मा. कप उचलत होती. तिला मी विचारलंही नाही.

१२ जाने., शुक्र.
ड्यूटीला बसण्याआधी मत टाइप केलं. भाषा सरळ, वाक्यं मोकळी, वरच्या पातळीच्या प्रौढ विद्यार्थ्यांना योग्य. प्रत्यक्ष वर्गात वाचून घेतलं, एकालाही अडचण आली नाही. हज़रतगंजच्या गल्लीत जाऊन अस्थानांच्या हातात दिलं, वेळेच्या आधी.
"बस, यही चाहिए था. कम्पोज़िंग शुरू करवाता हूँ."

१४ जाने., रवि.
आलमबाग. सरांना सांगितलं. ते उठून कपाटाच्या वरच्या फळीवरची पुस्तकं बाजूला सारायला लागले. कशाला, विचारलं. "जागा नको का करायला?" म्हणाले आणि स्वतःच हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं.
मुखपृष्ठाचा रंग गडद हवा, फिका दिसत नाही. अस्थानांना सांगणे.

१५ जाने., सोम.
संक्रांत. मा.ने क्लासला तिळगूळ दिला. इथे संक्रांतीलाच खिचडी म्हणतात, बाहेर सगळीकडे तीच. मी ड्यूटीसाठी बूट घालत होतो, स्वयंपाकघरातलं ऐकू आलं.
शोभा: "काकू, एक विचारू? हसू नका हं. त्या नावेच्या धड्यात मेलं कोण?"
मा.: "तुला काय वाटतं?"
"मला तर कुणी मेलंय हेच कळलं नव्हतं. आपल्या क्लासमधली खन्ना भाभी बस स्टॉपवर म्हणाली, किसी की डेथ है शायद. शब्द सगळे येतात हो, डिक्शनरीत बघायला काहीच नाही. म्हणून तर जास्त घाबरायला होतं."
"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"
"सगळे छान म्हणाले, तिथे मीच कशी नाही म्हणू? आणि काकांनी आधीच सांगितलं ना, सरांचं आहे, आयुष्यभराचं. त्यांच्यासमोर असं म्हणतात का कुणी?"
एक बूट हातात घेऊन तसाच बसलो. तेवीस वर्षं झाली या शहरात. इथे घरातल्या वडीलधाऱ्याचं काम घरच्या माणसासमोर कुणी वाईट म्हणत नाही, हे मला माहीत नव्हतं? मी त्यांना प्रश्न विचारलाच नव्हता. आदर मागितला, त्यांनी दिला.

१७ जाने., बुध.
मा.ने माझ्यावर न सोडता स्वतः केलं. मी घरी नव्हतो तेच बरं. तोच धडा पुन्हा, पण या वेळी मत नको, काय घडलं ते लिहा, कुठल्याही भाषेत. रात्रीच्या जेवणाला कागद समोर ठेवले.
एकाच्या मते पूर आलाय. एकीच्या मते माणसाचं लग्न मोडलंय म्हणून बायका बघतायत (हे त्यातल्या त्यात बरं). दोन कोरे. शोभाने मराठीत लिहिलंय, "काहीतरी वाईट." सिद्दीकी साहबांचं सुरेख अक्षरातलं एक पान, सगळं लेखकाच्या शैलीचं कौतुक. काय घडलं त्याबद्दल एक ओळ नाही.
मा. म्हणाली, "कोचिंगवाले बरोबर होते."
मी म्हणालो, पण भाषा सोपी आहे.
"भाषा सोपी आहे रे. पुस्तक कठीण आहे."
माझं मत छापखान्याच्या वाटेवर.

१९ जाने., शुक्र.
सिद्दीकी साहबांनी क्लास सोडला. येताना रेवड्यांचा डबा. "इधर कुछ मसरूफ़ियत बढ़ गई है, मैडम. फिर रोज़े आ रहे हैं. इंशाअल्लाह बाद में." कामं वाढलीत, म्हणे. दारात चपला घालताना मला हळूच म्हणाले, "सर से हमारा सलाम कहिएगा. किताब तो लाजवाब है, हमारी ही अक़्ल पर उम्र का ज़ंग लग गया." इंटरव्ह्यूलाही बसणार नाहीत बहुतेक. ते बोलले नाहीत, पण मला कळलं.
हेच समजत नाही. हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत न बोललेलं ऐकतो आणि न बोलता सांगतो. त्याच्या ज़बानमध्ये नावेचा धडा लिहिला असता तर पहिल्या परिच्छेदात डोळे पुसले असते त्याने. इंग्रजीत मात्र त्याला वाटतं, सगळं लिहिलेलंच असतं, न दिसणं हा आपला दोष. आणि तो दोष आहे असं सांगणारा कागद माझ्या सहीचा.

२० जाने., शनि.
अस्थाना. सगळं सांगितलं. आधी हसले, मग नाही हसले.
"लिखकर तो आपने ही दिया था."
हो.
"उसी पर मैंने कोचिंगवालों से दोबारा बात की. अब आप कहते हैं, नहीं. देखिए, रिपोर्ट वापस, तो किताब वापस. बीच का कुछ नहीं होता."
मध्ये काही करता येईल, म्हटलं. प्रत्येक धड्याखाली टिपा, आधी थोडी ओळख, चौथा धडा शेवटी.
"कुलकर्णी साहब मानेंगे? एक कॉमा नहीं हटाने दिया उन्होंने." मग जरा मऊ होऊन, "महीने के आख़िर तक रुकता हूँ. मंगल को आदमी भेजूँगा, तीस को. जो लिखना हो, लिख दीजिए. आपका भी नाम है, उनकी भी आँखें हैं."
असं तोंडावर बोलणारा हा एकच लखनवी मला भेटलाय, तोही आज.

२१ जाने., रवि.
सरांकडे. टिपांपासून सुरुवात केली, बातमीत वाईट भाग तिसऱ्या परिच्छेदात ढकलतात तसं. सरांनी मध्येच थांबवलं.
"वर्गात काय म्हणाले ते?"
छान म्हणाले.
"आणि लिहिलं काय?"
सांगितलं. पूर, मोडलेलं लग्न, कोरे कागद. सिद्दीकींचं पान तेवढं गाळलं. मग तेही सांगितलं.
सर भिंगाची मूठ चोळत बसले. म्हणाले, "कॉलेजात तास संपला की मी विचारायचो, एनी डिफिकल्टी? एकदासुद्धा कुणी हात वर केला नाही. मला वाटायचं, मी चांगलं शिकवतो."
सर, तसं नाही.
"नोकरीभर विचारलं रे. सगळे जी सर, जी सर."
त्यांच्या वर्गातली मुलं शिकली, मोठ्या हुद्द्यांवर गेली, वगैरे बोललो. मलाच ते शोकसभेतल्यासारखं वाटलं. चहा त्यांनी केला. कपात ओतताना किती भरला हे बोट आत धरून बघतात आता. मी बघतोय हे त्यांना दिसलं नाही.
पुस्तकाबद्दल ना हो म्हणाले, ना नाही.

२४ जाने., बुध.
काही लिहवत नाही. डेस्कवर दुसऱ्यांची वाक्यं मोडतोय. नवं मत तीनदा सुरू केलं.
कठीण आहे असं लिहिलं तर सर संपले. अस्थाना पुन्हा हात लावणार नाहीत, दुसरा प्रकाशक शोधेपर्यंत डोळा थांबणार नाही. सोपं आहे तसंच ठेवलं तर दर वर्षी कुठल्यातरी खोलीत कुणीतरी सिद्दीकी चपला घालत स्वतःला दोष देईल, आणि तेही इतक्या नम्रपणे की कुणाला पत्ता लागणार नाही.
मा. म्हणते, खरं लिहून टाक. तिचं बरोबर आहे. तिने कपाटाची रिकामी फळी पाहिलेली नाही.

२६ जाने., शुक्र.
सुट्टी. सकाळी सरांचा फोन, शेजाऱ्यांच्या घरून. आवाज एकदम ताजा.
"विनायक, मत बदलू नकोस अजून. मी सोमवारी येतो क्लासला."
कशाला सर, या थंडीत?
"मीच विचारतो त्यांना. तू मध्यस्थ होतास म्हणून अवघडले असतील. मला खरं सांगतील. कठीण आहे म्हणाले, तर मी स्वतः अस्थानांना परत मागेन. सोपं म्हणाले, तर छापू दे. तुझ्यावर काही नाही."
ठीक आहे म्हटलं. रिसीव्हर ठेवल्यावर मा.कडे बघितलं. तिने फक्त डोक्याला हात लावला.

२८ जाने., रवि.
क्लासची वेळ इफ़्तारनंतरची केली. मा.ने सगळ्यांना निरोप दिला, सर येताहेत, जे खरं असेल ते बोला. सगळे जी म्हणाले. शोभाला वेगळं, मराठीत, दोनदा सांगितलं. तीही म्हणाली, "बोलेन काकू." मग थोड्या वेळाने, "पण ते म्हातारे आहेत ना हो?"
सिद्दीकी साहबांनाही फोन केला, नाही म्हणतील असं वाटलं होतं. "सर ख़ुद तशरीफ़ ला रहे हैं? तो हम कैसे न आएँगे." शेरवानी घालून येतील.

उद्या सहाला मी रिक्षाने सरांना आणायला जाणार. त्यांना हीटरजवळची खुर्ची. ते विचारतील, मुश्किल है क्या? सच बताइए. मग सिद्दीकी साहब उठतील आणि फार सुंदर काहीतरी बोलतील. सर त्या दिशेला मान वळवून ऐकतील. त्यांना त्यावर विश्वास बसेल की नाही, एवढंच मला माहीत नाही.
मंगळवारी अकराला अस्थानांचा माणूस माझं मत न्यायला येईल.