माश्या तुझ्या, बोलणार कोण?

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धड आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि माझं मुद्द्याचं राहूनच जातं. सध्या मी रस्त्यावर पांढरे पट्टे मारायच्या कामावर आहे. फर्निचरच्या गोदामातलं सोडलं, का ते विचारू नकोस. इथला मुकादम म्हणतो, माझा पट्टा माझ्यावरच गेलाय, चांगला सरळ चाललेला असतो आणि मधेच कुठेतरी बघायला लागतो. असो.

तुझ्याकडे तिकडे परदेशात येऊन राहिलो होतो, ते दिवस काही डोक्यातून जात नाहीत. तुझी ती एका खिडकीची खोली, तू पलंगावर, मी खाली सतरंजीवर, आणि सकाळी तुझ्या मागोमाग प्रयोगशाळेत. फळांवर घोंघावतात त्या बारक्या माश्या तुम्ही काचेच्या बाटल्यांत पाळलेल्या. तू त्यांना गुंगी देऊन भिंगाखाली घ्यायचीस आणि बारीक ब्रशने धान्य निवडावं तशा वेगळ्या करायचीस. पाठीवरचे केस जरा आखूड दिसले, की ती माशी दुसऱ्या बाटलीत. मला मेल्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. तुझे सर मात्र भिंगाला डोळा लावला रे लावला, की कोण कुठली ते सांगून मोकळे. आणि त्याच माणसाला इतक्या वर्षांत तू कोण आणि तुझ्या शेजारच्या टेबलावरची ती लांबुडी कोण, हे कळू नये? लांबुडी तुझ्याहून वीतभर उंच. तिचा देश वेगळा, भाषा वेगळी, हसणं तर शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल असं. पण त्या मजल्यावर सावळ्या तुम्ही दोघीच, तेवढ्यावर सरांचं काम भागलं.

त्या दारावरच्या रखवालदाराचाही मला अजून राग येतो. संस्थेच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझा फोटो, भिंगाजवळ बसून हसतेयस. आणि हा बाबा बाकीच्यांना मान हलवून आत सोडणार, कार्ड दाखव म्हणून थांबवणार ते तुला. मी एकदा त्याला तो फोटो दाखवायला निघालो होतो, तर तू माझी बाही ओढलीस.

मग तुम्ही दोघींनी तो उद्योग केलात. आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकाने आपापलं काम सांगायचं, त्यात तुम्ही गळ्यातली कार्डं बदललीत आणि कामंही. तुझ्या माश्यांवर लांबुडी बोलली, तिच्या कामावर तू. मी मागे बसून बिस्किटं खात होतो. सरांना तुमची नावं उलटी घ्यायची सवय, त्यामुळे त्या दिवशी ती अदलाबदलीला बरोब्बर जुळली. खोलीतल्या बाकी सगळ्यांना कळलं होतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. सरांनी दोघींना शाबासकी दिली. बाहेर पडल्यावर आपण तिघं कोपऱ्यापर्यंत पोट धरून हसलो. लांबुडी तिच्या बसला गेली, आणि तिथून खोलीपर्यंत तू गळ्यातलं कार्ड नुसतं उलटंसुलटं करत चाललीस. मी नाही नाही ते बडबडत राहिलो.

परवा तुझा फोन आला. मोठ्या परिषदेत तुझ्या माश्यांवर बोलणार तो प्रयोगशाळेत गेल्या वर्षी आलेला कुरळ्या, कारण त्याचे उच्चार लोकांना लवकर कळतात. तू पहिल्या रांगेत बसायचं, अवघड प्रश्न आला तर उत्तर द्यायला. हे तू इतक्या शांतपणे सांगितलंस, की मी रस्त्याच्या मधोमध रंगाचा डबा घेऊन तसाच उभा. मागून गाडीवाले बोंबलतायत.

आता मुद्दा. मी घरी जाऊन आलो. तुझी तब्येत बिघडलीय, तू सगळं सोडून परत येतेयस, असं आईला सांग म्हणाली होतीस ना फोन ठेवताना? नाही सांगितलं. तुला काही झालेलं नाही, झालंय ते तुझ्या तिथल्या लोकांना. मी जे झालं तेच सगळं सांगितलं, कार्डाचं, नावांचं, कुरळ्याचं. आई शर्टाला बटण लावत होती. सगळं ऐकून घेतलं, दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "मग ही तिथे गप्प का बसलीय? घरात तर कुणाला बोलू देत नाही." बस, एवढंच. पुढचं बटण घेतलं. तेव्हा सरांच्या खोलीत जा. एकटीने नको, लांबुडीला घेऊन जा, आणि सांग की माश्या माझ्या आहेत, मीच बोलणार. नाही म्हणाले तर भर सभेत पहिल्या रांगेतून उठ आणि तिथून बोल. बोलून झाल्यावरही सोडायचं असेल तर खुशाल सोड, मी येतो, तुझी ती पुस्तकांची खोकी डोक्यावरून आणतो. पण न बोलता आलीस, तर आईला तोंड तू दाखव. मी पट्टे मारायला लांब कुठेतरी निघून जाईन.

तुझाच,
कधी नव्हे ते सरळ लिहिणारा धाकटा