डोळे शेवटी काढायचे

वेळाखडी संस्थान, काठेवाड
५ जानेवारी १९३१

पोहोचले. स्टेशनावर रबरी चाकांची बग्गी, खोलीला उत्तरेचा उजेड आणि न्हाणीघरात चक्क कढत पाणी! राजकोटच्या कॉन्व्हेंटात तीस वर्षे चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर सात दरबारांच्या राण्या रंगवल्या, कारण जनान्यात पुरुष चित्रकाराला मज्जाव. पण अशी बडदास्त कुठेच नव्हती. शिवाय इथली राणी माझीच विद्यार्थिनी, तख्तकुंवरबा. सतरा वर्षांची. पडद्याआडूनच ओरडली, "टीचर, या वेळी तरी माझं नाक सरळ काढा हं!"

तिच्या सासूने, बासाहेबांनी, घराण्याचा नेम सांगितला. डोळे शेवटी काढायचे आणि तेही घरच्याच काजळाने. या घरची राणी मेल्यावरही पडद्याबाहेर जात नाही, असे त्या अभिमानाने म्हणाल्या. मग तिरडी कोण उचलते, असे मी विचारले. त्या हसल्या आणि पेढ्यांचे ताट पुढे सरकवले.

९ जानेवारी

चेहरा छान जमतो आहे. तख्तूचा नवरा, इथले राजे ठाकोरसाहेब, डोकावून गेले. राणीच्या रंगात जरा दूध ओता म्हणे! मी म्हटले, दूध मांजराला घालतात. हा गृहस्थ स्वतःच्या कुत्र्याचे चित्र तीनदा काढवून बसला आहे. बायकोचे नाव मात्र त्याला आठवावे लागते.

ओसरीत आधीच्या तीन राण्यांची चित्रे आहेत. चित्रकार तीन, डोळे मात्र तिन्हींत हुबेहूब तेच. नक्कल करतानाही थोडी लाज वाटायला हवी.

उजेडाने माझे डोळे चुरचुरत होते. जिवी नावाच्या म्हाताऱ्या दासीने त्यात काजळ घातले. शिळ्या मटणासारखा वास. शी!

१३ जानेवारी

चष्मा पेटीत टाकला. चौकापलीकडच्या बाईच्या सुईतला दोरा दिसतो! मात्र काजळ धुतले जात नाही. उशीवर तपकिरी, तेलकट डाग पडतात. जेवताना बासाहेबांनी तख्तूला सुनावले, की दोन वर्षे झाली, पाळणा अजून खुंटीलाच. पोरीने रोटला तसाच ठेवला. आपला मुलगा साठीचा आहे, हे या बाईला कुणी सांगत नाही.

१६ जानेवारी

आता नजर तीक्ष्ण, म्हणून ओसरीतली बारीक अक्षरे वाचली. चित्राखाली चित्रकाराची सही आणि तारीख. चौकटीवर पितळी पट्टी, त्यावर राणीच्या मृत्यूची तारीख. पहिलीत सहीनंतर दोन दिवसांचे अंतर. दुसरीत दोन. तिसरीतही दोनच.

१७ जानेवारी

काजळ कशाचे, म्हणून जिवीला विचारले. तिने देवघरात नेले. समईखालच्या हंडीत चरबीचा पिवळट गोळा. त्यात लाखेच्या बांगडीचा तुकडा. आणि केस.

लोणच्याची बरणी दाखवावी तशी ती म्हणाली, "बाहेर न्यायचं नाही म्हटल्यावर काय करायचं, बेन? हे आधीच्या राणीबांचं. त्यांच्या काजळाने पुढच्या राणीबांच्या चित्राचे डोळे उघडायचे. नवी राणी आणायची तर जुनीचं चित्र लागतंच ना!"

तिथेच ओकले. साबण लावला, राख लावली, पदराने खरवडले. ती माझ्या डोळ्यांत आहे. कुणाची तरी लेक — माझ्या डोळ्यांत.

१८ जानेवारी

तख्तूला सांगितले. आधी हसली. मग हसेना.

राजकोटच्या इंग्रज एजंटसाहेबाला पत्र धाडले. संध्याकाळी ते बासाहेबांच्या ताटात परत आले. वर पेढा.

चित्राला डोळे नाहीत तोवर पोर जगेल. मी काढणार नाही. हात दुखतो म्हणून सांगितले. बासाहेबांनी हाताकडे पाहिलेच नाही. डोळ्यांकडे पाहिले.

२० जानेवारी

सकाळी चित्रावर डावा डोळा. उघडा. ओला.

फटकारा माझाच — मी ओळखते. माझ्या नखात काळे.

तख्तूला ताप. तिचा डावा डोळा उघडत नाही —

२१ जानेवारी

टर्पेंटाइनची बाटली घेतली आहे. चित्रकाराला डोळेच नसले तर — मदर मेरी, बळ दे —

त्याच दिवशी

वही दिसत नाही. बोटाने कागद चाचपत लिहिते. आग — पण बरे झाले. आता काढून दाखवा म्हणावे.

तख्तू जवळ आहे. म्हणते, टीचर, हे काय केलंत —

पण चित्र दिसते आहे. दोन खोल्या पलीकडे, भिंतीआड — लख्ख. आणि काहीच नाही, फक्त ते. बाजूला तिघी उभ्या. वाट बघत.

हे डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्यात ब्रश — मी नाही घेतला —

तख्तू दोन्ही हातांनी मनगट धरून बसली आहे. हात ओढतो आहे — दाराकडे — तीही फरफटत — घट्ट धर, पोरी, सोडू न