सुरीची गोल पाठ

प्रिय दादा,

या पत्राबरोबर एक पुडकं आहे. ते लगेच उघडू नकोस. माझ्याकडून आलंय म्हटल्यावर तू ते आधी हलवून बघशील, कानाला लावशील आणि मग खोलीतल्या दुसऱ्या कुणाला तरी उघडायला देशील, हे मला माहीत आहे. यावेळी रबरी पाल नाही, शप्पथ. आत काय आहे ते शेवटी कळेल. मधली पानं गाळलीस तर मला कळतं, कसं ते विचारू नकोस.

फोन केला असता, पण फोनवर मी काय करते ते तुला ठाऊक आहे. मुद्द्याशी आले की काहीतरी फालतू बोलते, तू हसतोस आणि मी सटकते. तू गेल्यापासून आठ महिन्यांत मी अकरा वेळा सटकले. कागदावर सटकता येत नाही. शुद्धलेखन बघू नकोस, शाळेतल्या बाईंनी जे सोडून दिलं ते तू नव्याने हातात घेऊ नकोस.

घरचं ठीक आहे. आत्याने नवा चष्मा केला, त्यामुळे माझे उद्योग तिला आता लांबूनच दिसतात. शेजारच्या शिंप्याने बाबांना न सांगता दुसरीकडून कात्री आणली आणि लपवून ठेवली. बाबांनी नुसत्या कापलेल्या कापडाच्या कडेवरून ओळखली. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. दुकानात धार लावायचं एकच चाक चालतं, बाबांचं. तुझ्या चाकावर गोणपाट टाकलंय. मी एकदा त्यावर मांजर बसवून ‘नवीन कारागीर’ अशी पाटी लावली होती. बाबा हसले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता ती सुरी. त्या मोठ्या हॉटेलच्या मुख्य आचाऱ्यासाठी तू नऊ दिवस खपून केलेली. ती त्याला पसंत पडली असती तर त्यांच्या सगळ्या स्वयंपाकघराचं धारेचं काम आपल्याकडे येणार होतं आणि ते तू एकट्याने बघायचं, असं बाबांनी कबूल केलं होतं. आचारी आला, सोबत त्याचे चार मदतनीस. त्याने टोमॅटोवर सुरी ठेवली, तर टोमॅटो कापला न जाता फुटला आणि बिया बाबांच्या शर्टावर. बाबांनी सुरी उजेडात धरली. धार उंदराने कुरतडल्यासारखी. सगळ्यांसमोर म्हणाले, असा हात माझ्या दुकानात नको. पिशवी भरलीस आणि दुसऱ्या दिवशी त्या कात्र्यांच्या कारखान्यात निघून गेलास.

तर दादा, हात तुझा नव्हता. म्हणजे सुरी करताना तुझाच होता, पण आदल्या दुपारी एक तासभर माझा होता.

झालं असं. त्या दिवशी एक डोंगर चढणारी बाई तिची सुरी धारेला टाकून गेली होती. म्यानाला एक काळी कांडी लटकत होती, पेन्सिलीएवढी. मी विचारलं तर म्हणाली, याच्यावर सुरी घासली की ठिणग्या पडतात, आम्ही वर अशीच चूल पेटवतो. एवढं बोलून गेली. माझ्या डोक्यात किडा शिरला. म्हटलं, उद्या आचारी आला की कांडी बाहीत लपवायची आणि सांगायचं, आमच्या दादाची धार अशी की हवेवर घासली तरी ठिणगी उडते. बघ, विचार तुझ्या भल्याचाच होता. बाईची सुरी बाबांनी खणात कुलपात ठेवली होती, म्यान आणि कांडी बाहेरच होती, म्हणून तुझी घेतली. तुम्ही दोघं जेवायला बसला होतात.

धारेने काही खरवडायचं नाही, हे आपल्या घरात चालायच्या आधी शिकवतात. म्हणून मी आधी पाठीनेच घासलं. काही नाही. जोर लावला, तरी काही नाही. कारण तू बाबांसारखीच पाठीची कड घासून गोल केलेली, आचाऱ्याच्या बोटाला टोचू नये म्हणून. अगदी साबणाच्या वडीसारखी. तेव्हा वकिली करायची तर अर्धी चूक तुझ्या चांगल्या कामाची आहे. मग मी सुरी उलटी केली. आणि दादा, काय ठिणग्या पडल्या म्हणून सांगू. पांढऱ्या, तडतडत, हातभर लांब. एकदा करून थांबले असते तर ती मी कसली. वीसेक वेळा केलं. मलमपट्टीच्या डब्यातला कापूस पेटवला, त्याने पुसायचं फडकं पेटलं, ते चाकाखालच्या पाण्यात बुडवलं. बाबा वास घेत आले आणि शिंप्याची इस्त्री जळतेय म्हणून त्याला ओरडून आले. त्या बिचाऱ्याने इस्त्री खोलून दुरुस्तही केली.

मग धार बघितली, तर खाचाच खाचा. पुसून म्यानात घातली आणि साळसूदपणे जेवायला बसले. मी सांगणार होते. टोमॅटो फुटला तेव्हा तोंड उघडलंही होतं, पण बाबांचा आवाज असा निघाला की ते आपोआप मिटलं. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तू पिशवी भरत होतास. म्हटलं, दोन दिवसांत येईलच परत. मग फोनवर अकरा वेळा.

गेल्या महिन्यात ती डोंगरवाली बाई परत आली. सुरी धाडकन फळीवर टाकली आणि बाबांना म्हणाली, तुम्ही माझी सुरी मुकी केलीत. बाबांना कळेना. तिने समजावलं, की ठिणगी पाठीने पाडायची असते आणि त्याला पाठीची कड चौकोनी, टोकदार लागते. बाबांनी सवयीने ती गोल करून दिली होती. वर गारठ्यात चूल पेटेना, शेवटी धारेने घासावं लागलं. बघा, म्हणाली, तुमच्या मेहेरबानीने काय झालं ते. बाबांनी सुरी उजेडात धरली. बारीक बारीक खाचा, ओळीने, आणि खाचांत करडा डाग. त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मी हळूच दाराकडे सरकत होते.

मग त्यांनी कुलपाचा खण उघडला. दादा, तुझी सुरी आत होती. मला वाटलं होतं, भंगारात गेली. तेल लावून फडक्यात गुंडाळलेली, धार तशीच कुरतडलेली. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. तशाच खाचा, तोच डाग. मग मला हाक मारली, शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने.

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, त्याला ठाऊक होतं? मी म्हटलं, माहीत नाही. तुला ठाऊक होतं का रे? टोमॅटो फुटल्यावर तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि मग जमिनीकडे. ते मला आठ महिने दिसतंय. मांजराला पाटी लावतानाही दिसत होतं.

शिक्षा म्हणून तुझी सुरी मीच घासायची, चाकावर नाही, हाताने, दगडावर. सतरा दिवस लागले. दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या आहेत, म्हणून अक्षर असं. अठराव्या दिवशी बाबा मला घेऊन त्या हॉटेलात गेले. त्याच चार मदतनिसांसमोर आचाऱ्याला म्हणाले, तो हात माझ्या मुलाचा नव्हता, या कार्टीचा होता, आणि जीभ माझी होती. आचारी टोमॅटो घेऊनच आला. कापला, पातळ चकती उचलून तिच्यातून खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, मुलाला पाठवा.

म्हणून हे पत्र. बाबा म्हणाले, त्याला लिही. काय लिहू विचारलं तर म्हणाले, तुझं तू बघ. आता पुडकं उघड. सुरी तुझीच आहे. मुठीजवळ पाठीवर बोट फिरवून बघ, दोन बोटं जागा चौकोनी आहे. ती बाबांनी स्वतः केली, जन्मात पहिल्यांदा, आणि करताना तोंड कडू औषध घेतल्यासारखं होतं. बाकीची पाठ तू केलीस तशीच ठेवलीय. सोबतची कांडी त्या बाईने दिली. सुरी हलवायची नाही, घट्ट धरून कांडी मागे ओढायची. मी चुकले दादा, हे वाक्य लिहायला चार पानं लागली. बाबा तुला यायला सांगणार नाहीत, मी सांगतेय, ये. काल त्यांनी तुझ्या चाकावरचं गोणपाट काढलं आणि नवा पट्टा चढवला. आत्याने विचारलं तर म्हणाले, जुना तुटला होता. जुना मी बघितला. तुटला नव्हता.

तुझीच,
कार्टी